पंधराचा पाढा

किस्से जमवायला कुणी बसत नाही. एका गाडीत चार माणसं, त्यातली तीन हरलेली, आणि परत यायला वीस मिनिटं, एवढं पुरतं. हरलेल्या माणसाला गप्प बसवत नाही, आपण का हरलो ते त्याला सविस्तर सांगायचं असतं. जिंकलेला तर बोलणारच. महिन्यातून एक रविवार असं धरलं तरी तीन वर्षांत आमच्याकडे इतका साठा झालाय की बायका विचारतात, एवढं बोलता, मग खेळता तरी कधी?

यातला एक किस्सा मात्र मी बरेच दिवस पोटात ठेवला होता. मंदारच्या घराचं डाउन पेमेंट आणि ब्लॅकजॅकचं टेबल यांच्यामध्ये एका रविवारी फक्त एक वीतभर पाटी उभी होती. आता घर झालंय, किल्ली मिळालीय, गेल्या शनिवारी वास्तुशांतीचं जेवण हात चाटून जेवून आलोय. हुश्श! म्हणून आज सगळं सांगून टाकतो.

आधी आम्ही कोण ते सांगतो. शॉमबर्गमध्ये पार्क डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथल्या उद्यान खात्याच्या, दोन खोल्या भाड्यानं घेऊन दर रविवारी मराठी शाळा भरते, दहा ते साडेबारा. मुलांना आत सोडलं की बाप अडीच तास मोकळे. काही जण जिमला जातात, काही गाडीत झोपतात. आम्ही चौघं महिन्यातून एकदा नदीकाठच्या कॅसिनोत जातो. मी सुहास, प्रोग्राममधल्या चुका शोधायची नोकरी करतो. मंदार पुण्याचा, डेटावाला. प्रफुल्ल नागपूरचा, नेटवर्कवाला. आणि दिघेकाका, तीस वर्षं इथल्या मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्टर होते, आता नातवाला शाळेत सोडायला येतात. शाळेत धाकट्या मुलांना शिकवते मंदारची बायको केतकी. म्हणजे आम्ही जातो ते तिला सांगूनच. निघताना ती तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबासुद्धा देते. घरोघरी ठराव एकच, महिन्याला शंभर डॉलर, एक सेंट जास्त नाही.

ब्लॅकजॅक ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, एकवीस ओलांडली की मेलात, आणि समोर डीलर तेच करत असतो. पत्ता कधी घ्यायचा, कधी थांबायचं, याचा तक्ता कॅसिनोच्या दुकानात विकत मिळतो. त्यावर वाद नाहीत. आमची सगळी भांडणं एकाच गोष्टीवर, पुढच्या डावाला किती लावायचे?

* * *

दिघेकाकांची पद्धत सगळ्यात कंटाळवाणी. दर डावाला पंधरा डॉलर. हरले तरी पंधरा, जिंकले तरी पंधरा. बरोबर नव्वद डॉलर आणतात, पाकीट घरी ठेवतात.

एका रविवारी काका लागोपाठ पाच डाव जिंकले. प्रफुल्ल त्यांच्या खांद्यावरून ओरडायला लागला की काका, गरम आहात, आता तरी वाढवा. काका पंधराच लावत राहिले आणि त्याला शांतपणे म्हणाले, "मशीन नीट चालत असताना स्पीड कशाला वाढवायचा?"

सहावा डावही जिंकले. मग काकांनी चिप्स गोळा केल्या आणि उठले. आम्ही विचारलं, कुठे निघालात?

"दूध संपलंय."

येऊन पंचवीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती. आम्ही तिघं नुकते सेट होत होतो. प्रफुल्ल तर अगदी काकुळतीला आला. पण काका दाराकडे निघालेसुद्धा, आणि गाडी त्यांची होती!

कुरकुरत उठलो. पार्किंगमध्ये हिशेब केला तेव्हा कळलं, त्या दिवशी आम्ही चौघंही थोडे थोडे जिंकून घरी चाललो होतो. तीन वर्षांतला तो एकमेव दिवस.

* * *

माझी पद्धत जरा शिकलेली. एक-तीन-दोन-सहा. म्हणजे पहिल्यांदा पंधरा लावायचे, जिंकलो तर त्याच्या तिप्पट, मग दुप्पट, मग सहापट. मध्ये कुठेही हरलो की परत एकपासून. ऐकायला सोपं आहे. पण टेबलावर बसलं की आपण तीनवर आहोत की दोनवर, तेच माझ्या लक्षात राहत नाही. ऑफिसमध्ये मी दोनशे टेस्ट केसेस तोंडपाठ सांगतो, इथे चार आकडे राहत नाहीत!

ग्लोरिया नावाची एक वयस्कर डीलर आहे. मी तिच्या टेबलावर बसायला लागून दोन-तीन महिने झाले असतील. एकदा मी नव्वद पुढे सरकवले तर तिनं पत्ता वाटायचा हात थांबवला आणि हळूच म्हणाली, "हनी, यू आर ऑन टू."

मी खाली बघितलं. खरंच की! दोनची पाळी होती आणि मी सहाचे लावले होते. गडबडीनं साठ मागे घेतले. तो डाव मी हरलो. बाईंमुळे साठ डॉलर वाचले, म्हणून मी तिला पाच डॉलर टिप दिली आणि दिवसभर स्वतःवर खूश होतो.

पुढच्या महिन्यात तिचा ब्रेक झाला. डीलर बदलतात तेव्हा जाणारा येणाऱ्याला दोन शब्द सांगून जातो. ग्लोरिया उठली, नवीन पोरीच्या कानाशी वाकली, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सीट थ्री इज ऑन सिक्स."

* * *

प्रफुल्ल जिंकला की दुप्पट करतो. हरला तर घरचे फक्त पंधरा जातात, असा त्याचा युक्तिवाद. यात चूक काही नाही. अडचण एवढीच आहे की थांबायचं कधी, ते त्याच्या पद्धतीत कुठेच लिहिलेलं नाही.

एकदा पंधराचे तीस, तिसाचे साठ, साठाचे एकशे वीस, आणि एकशे विसाचे दोनशे चाळीस झाले. प्रफुल्लच्या समोर चिप्सचा मनोरा. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, आता उचल. तो म्हणाला, उचलतो ना भाऊ, आधी घरी रश्मीला फोटो पाठवतो, नाहीतर ती विश्वास ठेवत नाही.

त्यानं फोन काढला. टेबलावर फोन चालत नाही. डीलरनं सांगितलं, ठेवा. प्रफुल्लनं सॉरी म्हटलं, एक तरी फोटो घेऊ द्या म्हणाला, डीलर नको म्हणाला, शेवटी प्रफुल्ल फोन जॅकेटच्या खिशात कोंबायला लागला. चेन अडकली होती. ती सोडवून वर बघतो तर समोर दोन पत्ते पडलेले. मनोरा अजून डाव लावायच्या गोलातच होता.

डीलरला ब्लॅकजॅक, दोनच पत्त्यांत एकवीस! दोनशे चाळीस एका हातानं ओढून नेले.

प्रफुल्लनं त्या रिकाम्या गोलावर बोट ठेवलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "ते तर फोटोपुरते होते ना बाप्पा."

* * *

आता मंदार.

मंदारची पद्धत जगातली सगळ्यात जुनी आणि कागदावर सगळ्यात गोड. हरलं की दुप्पट करायचं. पंधरा हरलो तर तीस, तीस हरलो तर साठ, साठ हरलो तर एकशे वीस. कधी ना कधी एक डाव जिंकणारच, आणि जिंकलो की आधीचं सगळं हरलेलं परत, वर पंधरा डॉलर नफा. मग पुन्हा पंधरापासून सुरू. शंभर डॉलरच्या ठरावात हे बसत नाही, तिसऱ्याच डावाला ठराव मोडतो. पण शेवटी पैसे परत येतात म्हणून मंदार ते मोडणं धरत नव्हता.

साध्या माणसानं एवढ्यावर खेळायला सुरुवात केली असती. मंदारनं प्रोग्राम लिहिला. घरच्या कॉम्प्युटरवर, ज्याच्यावरून केतकी शाळेच्या वर्कशीट छापते त्याच्यावर, त्यानं लाख लाख डाव खेळवले आणि आलेख मला पाठवला. रेघ नुसती वर वर चाललेली.

मला असं काही पाठवलं की माझा हात शिवशिवतो. मी एक शेअर्ड शीट बनवली, मंदारच्या त्याच कॉम्प्युटरवर उघडणारी, आणि ऑफिसात करतो तसे बग लिहायला लागलो. एका कॉलममध्ये चूक काय, पुढच्यात तिचं स्टेटस, आणि असे करत करत पार उजवीकडे शेवटचा कॉलम, व्हेरिफाइड बाय. चूक मान्य झाली किंवा दुरुस्त झाली की तपासणाऱ्यानं तिथे नाव आणि तारीख टाकायची. त्या कॉलममध्ये फक्त माझं नाव असतं. कुठलाही डेव्हलपर तिथपर्यंत स्क्रोल करून बघत नाही, हा माझा पंधरा वर्षांचा अनुभव आहे.

तेरा बारीकसारीक चुका मंदारनं मुकाट्यानं दुरुस्त केल्या. चौदावी मी अशी लिहिली. टेबलावर पाटी आहे, कमीत कमी पंधरा, जास्तीत जास्त पाचशे. प्रोग्राममध्ये ही वरची मर्यादा नाही. सहा डाव लागोपाठ हरला तर सातव्याला नऊशे साठ लावावे लागतील, आणि ते लावू देणार नाहीत.

मंदारनं दहा मिनिटांत बग बंद केला. स्टेटस टाकलं, कॅनॉट रिप्रोड्यूस. आमच्या धंद्यात याचा अर्थ, माझ्याकडे असं काही होत नाही, तुम्हीच कुठेतरी धडपडला असाल.

आणि खरंच त्याच्याकडे तसं होत नव्हतं. चार महिने तो दर वेळी जिंकून येत होता, आणि लागोपाठ चारच्या वर डाव कधी हरला नव्हता. मी फोनवर पाटीचं पुन्हा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, अरे, वेळ आलीच तर विचारू ना त्यांना. एका डावापुरतं ॲडजस्ट करतील!

* * *

मंदारची मुलगी इरा, आठ वर्षांची, केतकीच्याच वर्गात. घरी मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देणारी. पाढे मात्र मराठीत झालेच पाहिजेत, असा केतकीचा नियम.

एका रविवारी शाळा सुटल्यावर आम्ही पोचलो तर केतकी दारातच उभी. हसत हसत आम्हाला सांगायला लागली की आज वर्गात काय मजा झाली. पंधराचा पाढा कुणाला येतो असं तिनं विचारलं. एरवी बाकाखाली लपणाऱ्या इरानं पहिला हात वर केला, उभी राहिली, आणि घडाघडा म्हणाली, "पंधरा, तीस, साठ, एकशे वीस, दोनशे चाळीस, चारशे ऐंशी!"

केतकी म्हणाली, तिसानंतर पंचेचाळीस येतात गं. तर इरा ठाम. "नो आई, बाबा सेज इट लाइक धिस इन द कार. एव्हरी टाइम!"

मी प्रफुल्लकडे बघितलं. प्रफुल्ल छताकडे बघत होता. मंदारचं तोंड असं झालं होतं की विचारू नका. दिघेकाका नातवाची टोपी शोधायला लागले, टोपी नातवाच्या डोक्यावर होती.

पण केतकीनं पुढे काहीच विचारलं नाही. पाढे पक्के करून घ्यायला हवेत एवढं म्हणाली आणि डबा परत मागितला. ती आत वळल्यावर मंदारनं पहिला श्वास घेतला. वाचलो रे, तिला काही कळलं नाही, म्हणाला. आम्हालाही तसंच वाटलं.

* * *

त्यानंतरच्या मंगळवारी इंडियन ग्रोसरीमध्ये मी भेंडी निवडत होतो. मंदार मागून आला, आजूबाजूला बघितलं, आणि भेंडीवर वाकूनच त्यानं मला सांगितलं.

टाउनहाउस ठरलं होतं हे मला माहीत होतं. क्लोजिंगला, म्हणजे घराच्या खरेदीखताला, सात आठवडे राहिले होते. डाउन पेमेंटसाठी जमवलेल्यातले बारा हजार खात्यात तयार होते, पण क्लोजिंगच्या खर्चाला तीन हजार कमी पडत होते. केतकीचे वडील सांगलीला असतात, ते द्यायला तयार होते. मंदारला ते नको होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, एक रुपया घेतला नाही, आता घराच्या वेळी हात पसरायचा नाही, असं त्याचं म्हणणं.

मग उपाय काय? दर रविवारी पद्धतशीर खेळायचं. दीड तासात चाळीस डाव जिंकायचे, पंधराप्रमाणे सहाशे डॉलर. पाच रविवारांत तीन हजार. आणि खिशात बारा हजार ठेवायचे, म्हणजे लागोपाठ आठ डाव हरलं तरी दुप्पट करत राहता येतं.

"नऊ डाव कुणी लागोपाठ हरत नाही, सुहास. मी लाख वेळा खेळवून बघितलंय."

माझ्या हातातली भेंडी मोडली. मी पाटीचं सांगितलं, पाचशेचं सांगितलं, चौदा नंबरच्या बगची आठवण करून दिली. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं माझ्याकडून शपथ घेतली की केतकीला सांगायचं नाही. इराची शपथ घातली, हलकट! मी भेंडी न घेताच घरी आलो.

चार रात्री मला नीट झोप नाही. शपथ केतकीपुरती होती. म्हणून शनिवारी दिघेकाकांना फोन केला आणि सगळं सांगितलं.  काका एवढंच म्हणाले, गाडी मीच काढतो.

* * *

रविवार उजाडला. बाहेर बर्फानं सगळं पांढरं, पार्किंगमध्ये तो वितळायला मीठ टाकलेलं. केतकीनं शाळेच्या दारात डबा हातात दिला. नेहमीपेक्षा जड लागला म्हणून मी उघडून बघितला, पुऱ्या दुप्पट. विचारलं तर म्हणाली, असू देत, आज भूक लागेल तुम्हाला. मला त्या डब्याकडे बघवेना. तिच्याच घराचे पैसे तिच्या नवऱ्याच्या जॅकेटच्या आतल्या खिशात होते आणि मी पुऱ्या घेऊन निघालो होतो.

मंदार ग्लोरियाच्या टेबलावर बसला. मी शेजारी, माझे पंधरा-पंधरा लावत. कुठली एक-तीन-दोन-सहा, मला आकडेच दिसत नव्हते! काका आणि प्रफुल्ल मागे उभे.

पहिला तास छान गेला. मंदार एकशे ऐंशीनं वर होता. दर वेळी जिंकला की माझ्याकडे बघून भुवया उडवायचा. मला वाटायला लागलं, मीच उगाच घाबरतोय.

मग पंधरा गेले. मंदारचे अठरा, डीलरचे एकोणीस.

तीस लावले. मंदार एकवीसच्या पुढे गेला.

साठ. मंदारचे वीस! आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि ग्लोरियानं एकवीस काढले.

एकशे वीस. मंदारचे बारा, वर पडला दस्सा. गेले.

दोनशे चाळीस लावताना मंदारचा हात स्थिर होता, ओठ मात्र पाढा म्हणत होते. ग्लोरियाकडे सोळा होते, तिनं पत्ता ओढला, पंजा. एकवीस. प्रफुल्ल मागून काहीतरी पुटपुटला, ते देवाचं नाव असावं.

चारशे ऐंशी. आता आजूबाजूची माणसंही थांबून बघत होती. मंदारला एकोणीस. त्यानं पाच डाव गेल्यानंतर पहिल्यांदा मान वर केली. ग्लोरियानं स्वतःचा पत्ता उलटला. वीस. तिलाही वाईट वाटलं, मला तिचा चेहरा दिसला.

नऊशे पंचेचाळीस डॉलर गेले होते. मंदारनं जॅकेटमधून पाकीट काढलं आणि शंभराच्या नोटा टेबलावर मांडायला लागला. नऊशे साठ पाहिजेत म्हणाला.

ग्लोरियानं मान हलवली आणि पाटीकडे बोट केलं. पाचशे, हनी.

आणि मग मंदारनं खरंच विचारलं! आपण रिझर्वेशनच्या खिडकीवर विचारतो तसं, अगदी अदबीनं, डोकं जरा वाकडं करून. "जस्ट वन टाइम? प्लीज? ॲडजस्ट?"

सुपरवायझर आला. त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावलं, प्रोग्रामसकट. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, सर, इतक्या नम्रपणे आजवर मला कुणी हे विचारलेलं नाही. पण नाही.

आता खरी भीती होती ती इथे. पाचशे लावता येत होते. पुन्हा पाचशे, पुन्हा पाचशे, असे बावीस वेळा लावता येतील इतके पैसे पाकिटात अजून शिल्लक होते. मंदारनं पाच नोटा वेगळ्या काढल्या.  मी त्याच्या मनगटाला हात लावला तर त्यानं झटकला.

तो त्या पाच नोटांकडे बघत बसला. मनात काहीतरी जुळवत होता आणि ते जुळत नव्हतं. शेवटी माझ्याकडे वळून, अगदी हरवल्यासारखा म्हणाला, "पाचशे ओळीत बसत नाहीत रे."

तेवढ्यात मागून दिघेकाकांचा आवाज आला. रोजच्यासारखा, ना वर ना खाली.

"मंदार, दूध संपलंय."

मंदारनं नोटा गोळा केल्या, पाकिटात घातल्या, चेन लावली. आणि उठला. मला तिथेच रडू येईल असं वाटलं, इतकं हलकं वाटलं. प्रफुल्लनं तर सुपरवायझरचा हात हातात घेऊन दोनदा थँक यू म्हटलं. त्याला काही कळलं नाही बिचाऱ्याला.

गाडीत वीस मिनिटं कुणी बोललं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा. मध्येच मंदारनं डबा मागितला आणि एकामागून एक सात पुऱ्या खाल्ल्या.

* * *

त्याच आठवड्यात मंदारनं स्वतः सासऱ्यांना फोन केला. तीन हजार मागितले. त्यांनी चार पाठवले. मंदार मला म्हणाला, बघ, किती मोठ्या मनाचा माणूस, आणि मी अकरा वर्षं उगाच ताठलो. मला इतका आनंद झाला की मी पुढे काही विचारच केला नाही.

क्लोजिंग झालं. गेल्या शनिवारी वास्तुशांत. जेवणं झाल्यावर दिघेकाका खुर्चीत पेंगत होते, प्रफुल्ल लोकांना फोटोपुरत्या चिप्सचा किस्सा सांगत होता, इरा पाहुण्यांना पंधराचा पाढा म्हणून दाखवत होती, आता बरोबर, पंचेचाळीससकट. केतकी जिलब्या वाढत होती. मंदारनं मला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच म्हणाला, शीट उघडून बघ, चौदा नंबर.

घरी आल्यावर उघडली. बग बंद झाला की मी त्या ओळीकडे कधी फिरकत नाही, त्यामुळे इतके आठवडे बघितलीच नव्हती. कॅनॉट रिप्रोड्यूस खोडून मंदारनं नवं स्टेटस टाकलं होतं, रिप्रोड्यूस्ड इन प्रॉडक्शन. म्हणजे चूक खरी निघाली, आणि तीही खऱ्या टेबलावर, खऱ्या पैशांनी! मी एकटाच मोठ्यानं हसलो. पंधरा वर्षांत एवढा सरळ कबुलीजबाब मला एकाही डेव्हलपरनं दिलेला नाही.

बग मान्य झाला म्हणजे तपासणाऱ्याची सही हवी. सवयीनं मी पार उजवीकडे शेवटच्या कॉलमपर्यंत गेलो, माझं नाव टाकायला. तिथे आधीच कुणीतरी लिहिलेलं होतं. तारीख होती त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारची.

"पाटी बघून आले. बेरीज केली. जास्तीत जास्त नुकसान ९४५. चालेल. – केतकी"